फोटोतली पिवळी फाईल

जिल्हा पानावरचा फोटो वाचक डावीकडून पाहायला सुरुवात करतो आणि आपला चेहरा सापडला की तिथेच थांबतो. गोंदियाच्या जिल्हा कार्यालयात रुजू झालो त्या पहिल्याच वर्षी हे शिकलो आणि पुढची सव्वीस वर्षे त्यावर नोकरी केली. एका गावातल्या नऊ जणांचा फोटो आला की त्या गावात नऊ अंक जास्त जातात, हे वितरण विभागाचे गणित होते. खालच्या नावांचा क्रम चुकला तर मात्र खैर नसे. एका पंचायत समिती सदस्याचे नाव चौथ्याऐवजी सातवे आले, तेव्हा ते कार्यालयात येऊन दोन तास बसून राहिले. त्यांना चहा दिला, दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र दिले. शुद्धिपत्रात त्यांचे पद चुकले. ते पुन्हा आले.

बाहेरच्यांना वाटते, बातमीदार दिवसभर बातम्यांच्या मागे धावतो. अपघात, निवडणूक, नागझिऱ्याकडच्या गावात शिरलेला बिबट्या, यांच्या मागे धावावे लागतेच. पण पानाचा बराचसा भाग चालत आलेल्या मजकुराने भरतो. त्याला प्रसिद्धिपत्रक म्हणतात. संस्था स्वतःच स्वतःची बातमी लिहून फोटोसह पाठवते. आम्ही विशेषणे कापायची, नावे राखायची, मथळा द्यायचा. चांगला माणूस अर्ध्या तासात अशा दहा बातम्या काढतो. मी आठ मिनिटांत तीन काढत असे आणि त्याचा मला अभिमान होता.

जून-जुलैत ही पत्रके महाविद्यालयांची असत. ‘प्रवेशोत्सव उत्साहात’, ‘नवागतांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत’. एक मथळा माझा स्वतःचा होता: ‘दुर्गम भागातील विद्यार्थ्यांचा उच्चशिक्षणाकडे ओढा’. तो मी इतकी वर्षे वापरला की ऑपरेटर लीलाधर त्याला हाक मारल्यासारखा विचारायचा, “साहेब, ओढा टाकू का?”

त्या मथळ्याखाली छापलेल्या एका फोटोबद्दल मी लिहितो आहे.

फोटो दरेकशाचा होता. मागे छोट्या रेल्वे स्थानकाची पाटी, पुढे सहा विद्यार्थी, चार मुली आणि दोन मुलगे. मधोमध एका महाविद्यालयाचे इतिहासाचे प्राध्यापक. पत्रकात लिहिले होते की या सहाही जणांनी बी.ए. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला असून प्राध्यापकांनी स्वतः गावात जाऊन त्यांचे अभिनंदन केले. मी विशेषणे कापली, ओढा टाकला आणि फोटो पाचव्या पानावर दोन कॉलमांत सोडला. कोणालाही फोन केला नाही. अशा बातमीसाठी फोन करायची पद्धत नव्हती.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी, दोघी जणी जिना चढून कार्यालयात आल्या. आई पुढे, मुलगी मागे. आईच्या हातात ते पाचवे पान होते, चार घड्या घातलेले. तिने ते माझ्या टेबलावर उलगडले.

“हे तुमी छापलं का जी?”

मी हो म्हणालो.

“मंग हिचे कागद तुमीच द्या.”

मुलगी म्हणाली, “आई, ह्यांच्याजवळ नाही राहत कागद.”

“फोटो ह्याईजवळ आहे न? मंग कागद कुठं गेले, ते ह्याईले मालूम राहीन.”

आईचे नाव फुलवंताबाई. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर, काळ्या पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचे, रोपांना पाणी द्यायचे. मुलीला इथे संजना म्हणू. फोटोत ती डावीकडून दुसरी होती. तिने बारावी विज्ञान केले होते, प्रवेश परीक्षा दिली होती आणि दुसऱ्या फेरीत तिचा नंबर अकोल्याला सरकारी महाविद्यालयात वनविद्येच्या पदवीला लागला होता. आमगावच्या इंटरनेटवाल्याने रविवारी फोन करून तिला हे सांगितले. मूळ मार्कशीट आणि टीसी घेऊन शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत अकोल्याला हजर व्हायचे होते. नाही झाली तर जागा पुढच्याला.

मूळ मार्कशीट आणि टीसी तिच्याकडे नव्हते. फोटोच्या दिवशी प्राध्यापकांनी ते नेले होते.

“तू दिलेस कशाला?” मी विचारले. “फॉर्मवर सही करताना वाचलं नाहीस का?”

तिने माझ्याकडे पाहिले. “तुम्ही बातमी छापताना विचारलं होतं का, सर?”

लीलाधर संगणकावरून वळून बघू लागला. मी त्याला काम करायला सांगितले.

मग तिने सांगितले ते असे. बारावीच्या मार्कशीट शाळेत वाटल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर दोन प्राध्यापक गावात आले. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, एसटीचा पास मिळेल, परीक्षेचा फॉर्म आम्हीच भरू, असे म्हणाले. कॉलेजात रोज यायची गरज नाही, परीक्षेला आले तरी चालेल, असेही म्हणाले. ती म्हणाली, मी परीक्षा दिली आहे, नंबर लागला तर? ते म्हणाले, लागला तर घेऊन जा, एका मिनिटाचे काम. मग सगळ्यांना स्थानकाजवळ उभे करून फोटो काढला. सोमवारी आणि मंगळवारी ती त्या कॉलेजात जाऊन आली. कॉलेज तिच्या तालुक्यातलेसुद्धा नव्हते. दोन गाड्या बदलून जावे लागे. पहिल्या दिवशी बाबू म्हणाला, सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आम्ही मूळ कागद घेतच नाही, घरी शोध.

“घरी शोधले का?” मी विचारले. सवयीने.

“आमच्या घरी कपाट नाही जी,” फुलवंताबाई म्हणाली. “कायले शोधाचं?”

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. तो धंदा माझा नाही, पण मी त्याच्या जवळ राहिलो होतो. अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाची जागा विद्यार्थ्यांच्या संख्येवर टिकते. पटावर डोकी कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की तास जातात, तास गेले की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की प्राध्यापक मोटारसायकली काढून गावोगाव फिरतात. गोरेगावच्या आठवडी बाजारात मिरचीच्या पोत्यांशेजारी मोटारसायकलच्या सीटवर प्रवेशअर्ज ठेवून उभे असलेले दोन पीएच.डी. मी स्वतः पाहिले आहेत. त्यांच्याशी मी गप्पाही मारल्या. “हमारा भी सीजन है भाऊ,” एक जण हसत म्हणाला होता. मी ते गमतीत घेतले आणि मिरची घेऊन निघून गेलो.

विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजाच्या हाती लागू नये, म्हणून मूळ कागद लगेच ताब्यात घ्यायचे. टीसी ज्याच्या कपाटात, विद्यार्थी त्याचा. त्यानंतर तो आला काय, न आला काय. तो धानाच्या रोवणीला जातो, विटांच्या भट्टीवर जातो, हैदराबादला जातो, आणि हजेरीपटावर तो वर्गात बसलेला असतो. वर्षाच्या शेवटी ही डोकी विद्यापीठात जातात, तिथून वर जातात आणि वर कोणीतरी भाषणात सांगतो की आदिवासी भागातल्या मुली उच्चशिक्षणात येत आहेत. त्या भाषणाची बातमीही आम्हीच छापतो.

मी प्राचार्यांना फोन लावला. आमची जुनी ओळख. ते म्हणाले, “मूळ कागद आपण घेतच नाही. झेरॉक्स घेतो. मुली हरवतात आणि मग कॉलेजच्या नावाने ओरडतात.” मी म्हणालो, मुलगी समोर बसली आहे. ते म्हणाले, “मग तिला विचारा, पावती आहे का?”

पावती नव्हती. अशा कामाची कोणी पावती देत नाही.

मी फोन ठेवला. फुलवंताबाईने विचारले, “काय म्हन्ते?” मी सांगितले. तिने टेबलावरच्या पानावर बोट ठेवले, फोटोतल्या प्राध्यापकांच्या काखेवर. “हे काय आहे मंग?”

छापील फोटोत तिथे फक्त एक करडा डाग होता. जिल्हा पाने तेव्हा काळी-पांढरी निघत. पण पत्रकासोबत आलेला मूळ फोटो ईमेलमध्ये होता, रंगीत, मोठा. लीलाधरने तो शोधला आणि वाढवत नेला. प्राध्यापकांच्या काखेत फायलींचा गठ्ठा होता. सगळ्यात वरची फाईल पिवळी होती आणि तिच्यावर धानाच्या लोंबीचे चित्र होते.

“ते माही फाईल,” संजना म्हणाली. “आमगावच्या कृषी केंद्रातून आईने आणली होती. बियाण्यासोबत फुकट भेटते.”

लीलाधरने आणखी वाढवले. फाईलच्या कोपऱ्यातून मार्कशीटची कड बाहेर आली होती. बोर्डाच्या मार्कशीटचा कागद आणि झेरॉक्सचा कागद यांतला फरक कोणालाही दिसतो. त्या कडेला नक्षी होती.

“पाहा,” फुलवंताबाई मला म्हणाली. “मी म्हनली का नाई, ह्याईले मालूम राहीन.”

तो फोटो मी प्राचार्यांच्या मोबाईलवर पाठवला. खाली काही लिहिले नाही. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. “उद्या या. तुम्ही स्वतः या.”

गुरुवारी सकाळी आम्ही तिघे तिथे पोहोचलो. कॉलेजची इमारत मोठी आहे, दोन मजली, दर्शनी भागाला नवा रंग. प्राचार्यांना यायला वेळ होता म्हणून मी फिरून पाहिले. बी.ए. भाग एकच्या वर्गात बाके एकावर एक रचून ठेवली होती, त्यांवर निवडणुकीचे साहित्य ठेवून गेल्याच्या खुणा होत्या. फळ्यावर मागच्या वर्षीची तारीख होती. शेजारच्या खोलीत बाबूच्या टेबलावर हजेरीपट उघडा होता. मी उभ्या उभ्या वाचला. उईके संजना, अनुक्रमांक एकतीस. जुलैचे अकरा दिवस हजर. त्यातले दोन दिवस सोमवार आणि मंगळवार, ज्या दिवशी ती खरोखरच त्या इमारतीत होती आणि त्याच बाबूने तिला दारातून परत पाठवले होते.

मी तिला तो पट दाखवला. तिने आपल्या नावाची ओळ बोटाने शेवटपर्यंत पाहिली. “बाकीच्यांची पण हजेरी आहे,” ती म्हणाली. “फोटोतल्या रमशीला तर ह्या महिन्यात ताप होता. ती घरातून उठली नाही.”

इतिहासाचे प्राध्यापक गाड्यांच्या स्टँडपाशी भेटले. पस्तिशीचा माणूस, तासिका तत्त्वावर. तास घेतले तर त्या तासांचे मानधन, नाहीतर काही नाही. आमगावकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला. नेट झालेला, पीएच.डी. झालेला. संजनाकडे त्याने पाहिले नाही.

“सर, मले पंधरा आनाचे होते,” तो मला म्हणाला. एरवी तो शुद्ध बोलत असे. “पंधरा नाही आनले तर पुढच्या साली माहे तास नाही. नऊ झाले होते. दरेकशात सहा भेटले.”

“फोटो कशाला काढला?”

“संस्थेच्या अध्यक्षांना पुरावा लागते. कोनत्या गावात गेला, किती आनले.” मग म्हणाला, “पेपरात पाठवाचा नव्हता तो. ऑफिसनं पाठवला.”

“ही अकोल्याला जाणार होती, तुम्हाला तिनं सांगितलं होतं.”

“सगळेच सांगतात सर. जाते कोन?”

“मी चालली,” संजना म्हणाली.

माझा राग त्याच्यावरच काढणे सोपे होते, आणि बातमीत तसेच झाले असते: ‘प्राध्यापकाने कागदपत्रे दडवली’. त्याचे तास गेले असते आणि पुढच्या जुलैत त्याच मोटारसायकलवर दुसरा बसला असता.

प्राचार्यांच्या खोलीत मला एकट्याला बोलावले. दोघींना बाहेर बाकावर बसायला सांगितले. चहा आला. त्यांनी घरच्या चौकशा केल्या. त्यांचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. बारावीनंतर त्याला पुण्यात कुठे घालायचे, याची ते आतापासून चाचपणी करत होते आणि दोन महाविद्यालये प्रत्यक्ष पाहूनही आले होते. वसतिगृह, ग्रंथालय, शिक्षक नियमित येतात का, हे सगळे त्यांनी विचारले होते. त्यांनी ते मला सविस्तर सांगितले. त्यात त्यांना काही विचित्र वाटले नाही.

मग ते कामाकडे आले.

“फायली कपाटात आहेत. चावी अध्यक्षांकडे, ते बाहेरगावी. ती मागवता येईल. पण तुम्ही बातमी करणार.”

“करणार.”

“करा. तुमचं काम आहे. फक्त क्रम पाहा. बातमी आली की उच्चशिक्षण सहसंचालकांचं पत्र येणार. पत्र आलं की कपाटाला सील. सील झालं की चौकशी होईपर्यंत एकही कागद बाहेर येत नाही, आणि ते माझ्या हातात राहत नाही. आज गुरुवार.” त्यांनी कप खाली ठेवला. “मुलीचं अकोल्याला उद्या आहे ना?”

आवाजात धमकी नव्हती. ते वेळापत्रक सांगत होते, आणि त्यातले सगळे खरे होते.

मी विचारले, बाकीच्या पाच जणांचे काय. ते म्हणाले, “त्यांनी मागितले का?”

मी दारातून बाहेर पाहिले. संजना बाकावर बसून सोबत आणलेल्या चादरीची घडी पुन्हा घालत होती. फुलवंताबाई अंगणातल्या अशोकाची खालची पाने चिमटीत धरून पाहत होती. मी बाहेर जाऊन विचारू शकलो असतो. पंधरा पावले होती. मी गेलो नाही.

“बातमी नाही,” मी म्हणालो. “कागद द्या.”

चावी अर्ध्या तासात आली. अध्यक्ष बाहेरगावी नव्हते, हे त्यावरून कळले. पिवळी फाईल टेबलावर आली. मार्कशीट आत होती. शाळेचा टीसी मात्र प्रवेशासोबत जमा झाल्याने परत देता येत नाही, असा नियम निघाला. त्याऐवजी कॉलेजने स्वतःचा टीसी दिला. तो मी वाचला. संजना उईके या विद्यार्थिनीने या महाविद्यालयात बी.ए. प्रथम वर्षात अध्ययन केले. अभ्यासातील प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली. महाविद्यालय सोडण्याचे कारण: पालकांची विनंती.

फुलवंताबाईने विचारले, त्यात काय लिहिले आहे. मी वाचून दाखवले.

“मी कई विनंती केली?” ती म्हणाली. मग तिने कागद मुलीच्या हातात दिला. “असू दे. ठेव. गाडी पकड.”

दुपारच्या गाडीने दोघी गोंदियाहून निघाल्या. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी संजनाचा फोन आला. कागद जमा झाले होते. जागा तिची झाली होती.

मी शब्द पाळला. आमच्या धंद्यात शब्द पाळण्याला फार मान आहे आणि त्या मानाखाली पुष्कळ काही झाकता येते. कागद मिळाल्यावर, शुक्रवार उलटल्यावर, बातमी करायला मला कोणी अडवले नव्हते. मी स्वतःला सांगितले की पुढे कोणी मुलगी आली तर हाच माणूस उपयोगी पडेल. कोणी आले नाही. लोक येतात ते एकदा, आणि तेही फोटो छापलेला असेल तर.

पुढच्या जुलैत त्याच महाविद्यालयाचे पत्रक आले. दुसरे गाव, आठ विद्यार्थी, दुसरे प्राध्यापक. त्यांच्याही काखेत गठ्ठा होता. लीलाधरने फोटो उघडला आणि काही वेळ तसाच ठेवला.

“साहेब, हे खालचं कापू का?”

मी म्हणालो, “काप.”

त्याने फोटो छातीपासून खाली कापला. चेहरे सगळे राहिले. ओढा टाकू का, हे त्याने त्या दिवशी विचारले नाही. मी स्वतः टाकला.

तीन वर्षांनी संजना सुट्टीत घरी आली होती, तेव्हा कार्यालयात आली. या वेळी एकटीच होती. तिच्याकडे दोनशे पानी वही होती. ती चढून आली, बसली आणि वही माझ्याकडे फिरवून ठेवली.

“त्या फोटोतले बाकीचे पाच,” ती म्हणाली. “मी सगळ्यांच्या घरी जाऊन आली.”

तिने प्रत्येकासाठी एक पान केले होते. नाव, गाव, कागद कोणी नेले, नेताना काय म्हणाले, नंतर काय झाले. रमशीला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. मूळ मार्कशीट नाही म्हणून राहिला. एक मुलगा तीन वर्षे प्रथम वर्षातच नापास होता, कारण त्याला परीक्षेची तारीख कोणी कळवली नव्हती. तो भट्टीवर होता आणि पटावर हजर होता. एकीला आयटीआयला जायचे होते. एकीचे लग्न झाले होते आणि ती अजूनही विद्यार्थिनी होती. पाचव्याच्या घरी कोणी बोलायला तयार नव्हते. तेही तिने लिहिले होते: ‘घरचे बोलले नाहीत. दोनदा गेली.’

चांगल्या बातमीदाराचे काम होते. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी हे शिकवायचा प्रयत्न करत असे आणि मला ते जमले नव्हते.

“तुम्ही काऊन नाही छापलं?” तिने विचारले.

मी सांगितले. प्राचार्य, सील, शुक्रवार. मी दिलेला शब्द.

तिने सगळे ऐकून घेतले. “म्हणजे माझ्यासाठी?”

“हो.”

“शब्द माझ्या नावानं दिला तुम्ही. मी बाहेरच बसली होती, सर. मले विचारलं नाही.”

“तू काय म्हणाली असतीस?”

“ते आता मले पण नाही सांगता येत,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठीच तेव्हा विचारायचं होतं.”

तिने वही माझ्याकडेच ठेवली. मी ती टेबलाच्या खणात ठेवली. निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा करताना घरी आणली.

माझ्या मुलीची मार्कशीट कोणी मोटारसायकलवर नेली नाही. शिकलेल्या घरातल्या मुलांना एक गोष्ट कोणी न शिकवता कळते, की मूळ कागद हाताबाहेर द्यायचा नाही, आणि द्यावाच लागला तर पावती घ्यायची. दरेकशात हे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. तिथे मोटारसायकलवरून उतरलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस ‘सर’ असतो आणि सरांकडे पावती मागायची नसते. या एका अज्ञानावर संस्था उभ्या आहेत, पगार चालू आहेत, तुकड्या टिकल्या आहेत. उच्चशिक्षण त्यांच्या दारात पोहोचले, असे मी इतकी वर्षे लिहिले. पोहोचले होते ते खरेच. ते दारात आले, त्यांचे कागद घेऊन निघून गेले.

या लेखात मी महाविद्यालयाचे नाव दिलेले नाही. एकाचे दिले तर बाकीचे सुटतील, हे एक कारण. दुसरे कारण वाचकांनी ठरवावे.

लिहिण्यापूर्वी या वेळी मी संजनाला फोन केला. ती पदवी घेऊन आता नोकरी करते. कुठे ते लिहू नये, असे तिने सांगितले. लेखात सगळे येईल, माझ्यासकट, असे मी म्हणालो.

“लिहा. माझं नाव बदला. फाईलचा रंग नका बदलू. ज्यांच्या कपाटात होती त्यांना कळलं पाहिजे.”

मग म्हणाली, “अन् बाकीच्यांचे पण लिहा. वहीत आहेत, शेवटच्या पानावर.”

शेवटचे पान मी त्याआधी कधी उघडले नव्हते. तिथे पाच ओळी आहेत, कोणी आपले कागद कशात घालून दिले त्याच्या. रमशी: निळी, बटणाची. तिच्यानंतरच्या दोघांच्या पारदर्शक, एकीचे बटण तुटलेले. चौथी: लग्नपत्रिकेचे पाकीट, लाल, गणपतीचे चित्र. पाचवा: फाईल नाही, खताच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने बांधून दिले.

त्यातला एकही कागद अजून परत आलेला नाही.